बसमध्ये राहिलेलं कडत

कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात नायकाने भर पुरात कपिला नदी पोहून पार केली, तेव्हा जमुनाबाईंनी चष्मा काढला आणि हातातले कागद मांडीवर ठेवले.

"नदीला पूर आलाय म्हणतोस ना?"

"हो, अम्मा."

"आणि हा सकाळपासून उपाशी?"

"युद्धाचे दिवस आहेत. मागे जपानी हेर लागलेत. जेवायला वेळ कुठला त्याला?"

"असं कसं? आधीच्या पानावर तर तो देवळाच्या पायरीवर बसून नुसता विचार करतोय. तिथे चार घास खाल्ले असते तर विचार काय पळून जाणार होते? उपाशीपोटी पाण्यात उतरलं की पायात गोळे येतात. बदल ते."

पवनकुमारने कुरकुर केली, पण बदललं. म्हैसूरच्या मराठी समाजाच्या मासिकात ते प्रकरण छापून आलं तेव्हा नायक पायरीवर बसून दहीभात खात होता, आणि हेर खांबाआड उभे राहून त्याचं जेवण आटोपायची वाट बघत होते.

जमुनाबाईंची काळजी अशी कुठेही पोचायची. त्या जुन्या काळातल्या बी. ए., इतिहास घेऊन झालेल्या. लढाया, तह, राजांची मरणं सगळं त्यांना पाठ. पण एकुलता एक मुलगा रोज कुवेंपुनगरहून नंजनगूडला कारखान्यात जातो, म्हणजे वाटेत त्याला काय काय होऊ शकतं, याचा अभ्यास त्याहून दांडगा. मुलाने पन्नाशी ओलांडली होती, डोक्यावरचे केस निम्मे गेले होते, तरी बसमधून उतरल्यावर त्याने "पोचलो" म्हणून फोन करायचा, हा नियम होता. एकदा तो विसरला. जमुनाबाईंनी कारखान्याच्या फाटकावर फोन लावला. फाटकावरचा माणूस भला. त्याने कर्ण्यावरून साऱ्या कारखान्याला ऐकवलं, "स्टोअरचे पवनकुमार, घरी आईला फोन करा." तेव्हापासून बड्या साहेबापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्याला सकाळी नमस्काराऐवजी विचारत, "काय, अम्माला फोन झाला का?"

पवनकुमार स्टोअरकीपर होता, आणि जन्मजातच होता. कपाटात एक वॉशर कमी भरला तर त्याला भात गोड लागायचा नाही. लहानपणी देवराज मोहल्ल्यात राहत असताना गल्लीत कुणाची चप्पल हरवली, कुणाची मांजर हरवली, की लोक पोलिसात जायच्या आधी त्याला हाक मारत. अशा माणसाच्या हाती आजोबांनी ती गोष्ट द्यायला नको होती.

गोष्ट अशी. पवनकुमारचे आजोबा वेंकोजीराव, पिढीजात रंगारी. देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी खाली रंगाची पिंपं आणि कापडं उकळायची भट्टी, आणि माडीवर एक भाडेकरू: दामोदरराव नावाचे तरुण पंडित. महायुद्ध ऐन भरात होतं. मद्रासवर बॉम्ब पडणार अशा वावड्या उठत, रात्री दिवे झाकून ठेवत, आणि कागदाचा असा दुष्काळ की मुलं पाटीवर परीक्षा देत. अशा दिवसांत या दामोदररावांना नंजनगूडला एका घरी जुनी ताडपत्रं दिसली. कुण्या अनाम बाईने रचलेली पदं, एक ओळ कन्नडमध्ये तर एक मराठीत. घरमालक पत्रं बाहेर नेऊ देईना. उतरवून घ्यायला कागद नाही. तेव्हा दामोदररावांनी बाजारातून एक जुनं कडत पैदा केलं.

कडत म्हणजे घडीघडीचं जाड कापड. कोळशाची पूड आणि चिंचोक्याची खळ चोपडून ते काळं करायचं, आणि वर पांढऱ्या दगडी खडूने लिहायचं. पूर्वी व्यापारी त्यावर लिहीत. त्या कापडावर दामोदररावांनी सगळी पदं उतरवून घेतली. एका मासिकात तसं जाहीरही केलं. आणि घरमालकाने, आता नक्कल झालीच आहे म्हणून, किडलेली ताडपत्रं कपिलेत सोडून दिली.

मग काम आटोपून नंजनगूडहून परत येताना दामोदररावांचं कडत बसमध्ये राहिलं.

कोळशाच्या धुरावर चालणारी बस ती, चढ आला की प्रवासी उतरून ढकलत. त्या उतरण्या-चढण्यात गाठोडं राहून गेलं म्हणे. वेंकोजीराव स्वतः त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत धावले होते. सापडलं नाही. आणि म्हैसूरचे विद्वान हसले. बसमध्ये राहिलं! आठवतील त्या ओळी दामोदररावांनी म्हणून दाखवल्या, तर म्हणाले, या तुम्हीच जुळवल्या असाल. 'थापाडे पंडित' हे नाव पडलं, ते गाव सोडल्यावरही मागे गेलं.

आजोबांकडून हे ऐकल्यापासून पवनकुमारच्या स्टोअरमध्ये एक वस्तू कायमची कमी होती. तो त्या बसच्या मागे लागला. बस कंपनी कधीच बुडालेली. त्याने मालकाचे नातू गाठले, ड्रायव्हरची सून गाठली, कंडक्टरच्या पणतूकडून एक गंजकी शिट्टी आणली. चामराजनगरला कुणाच्या माळ्यावर चढला आणि गांधीलमाश्या चावून सुजलेल्या तोंडाने परत आला. जमुनाबाईंनी त्या दिवशी हळदीचा लेप लावता लावता त्याच्याकडून वचन घेतलं, की आता माळे बंद.

माळे बंद झाले तेव्हा त्याने कादंबरी सुरू केली. निदान कादंबरीत तरी कडत सापडेल, असा हिशेब. नायकाचं नाव त्याने खरंच ठेवलं, दामोदरराव. बाकी मात्र हात सैल सोडला. बसमध्ये केळी विकणारा म्हातारा हा जपानी हेर निघाला, देवळाखाली भुयार निघालं, आणि नायक, ज्याचा एकुलता एक फोटो पाहिला तर छातीपेक्षा चष्मा मोठा वाटावा, तो या छपरावरून त्या छपरावर उड्या मारू लागला.

सातवं प्रकरण छापून आलं आणि दारात एक रिक्षा थांबली.

सून चैत्राने दार उघडलं. दारात एक उंच, गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई. हातात काठी आणि मासिकाचा अंक.

"पवनकुमार इथेच राहतात का? मी विशालाक्षी. शिवमोग्ग्याहून आले. दामोदरराव माझे वडील."

आत जमुनाबाईंनी ते ऐकलं. कोर्ट, वकील, मुलाची नोकरी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पवनकुमार टॉवेलाला हात पुसत बाहेर आला.

"माझ्या वडिलांना पोहता येत नव्हतं," विशालाक्षीबाई म्हणाल्या.

पवनकुमारने टॉवेल खांद्यावर टाकला. "मी... पुढच्या अंकात दुरुस्ती देतो."

"राहू द्या. पोहू देत. जन्मभर पाण्याला भ्यायले, आता तरी पोहू देत." त्या खुर्चीत बसल्या. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ते बसण्यावरूनच कळत होतं. "मला एवढंच विचारायचंय, शेवट काय करणार?"

"कडत सापडतं."

"कादंबरीत. आणि खरं?"

पवनकुमारने मान खाली घातली. "बसपर्यंत पोचलोय. पुढे नाही."

विशालाक्षीबाईंनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. मग जे बोलल्या ते वर्गात शिकवावं तसं, सरळ. वडिलांनी पुढे एका मिडलस्कुलात मुलांना व्याकरण शिकवलं. पुन्हा एक ओळ छापली नाही. विशालाक्षीबाईंच्या स्वतःच्या लग्नात पंगतीत कुणीतरी म्हणालं होतं, पंडितजी, आहेर तरी आणलाय का बसमध्ये राहिला? सगळी पंगत हसली, वडीलही हसले.

"मी एकदा विचारलं. मोठी झाल्यावर. बाबा, खरं सांगा, ती पदं होती का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे गं." त्यांनी हातातल्या अंकाची सुरळी केली. "म्हणजे मीसुद्धा विचारलंच ना. इतर विचारत होते तसंच. आता माझे डोळे चाललेत. त्याआधी मला एवढं कळायला हवं. होतं, का नव्हतं."

"मी शोधून देतो तुम्हाला," पवनकुमार म्हणाला.

स्वयंपाकघरात कॉफीचं दूध उतू गेलं. हा सूर जमुनाबाई ओळखत होत्या. असंच म्हणून तो शेजाऱ्यांच्या मांजरीसाठी चिंचेच्या झाडावर चढला होता आणि त्याला उतरवायला माणसं बोलवावी लागली होती. पण मांजर हरवली तर दुसरी पाळता येते. या बाईंना आता काय देणार हा? कंडक्टरची शिट्टी?

विशालाक्षीबाईंना नंजनगूड बघायचं होतं, आणि बसनेच जायचं होतं. रविवार ठरला. जमुनाबाई सोबत निघाल्या. पाण्याच्या बाटल्या, लिंबू, छत्री, स्वेटर, चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा.

"अम्मा, तासाभराचा रस्ता आहे," पवनकुमार म्हणाला. "आपण काशीला नाही चाललो."

"काशीला जाताना माणसं तयारीने जातात. तासाभराच्या रस्त्यावरच घात होतो."

नंजनगूडला ते जुनं घर नव्हतंच. तिथे मोबाइलचं दुकान होतं. पवनकुमारने स्टँड दाखवला. इथे हेर बसला होता, इथून तो... असं सांगता सांगता विशालाक्षीबाईंच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाला. त्या उन्हात उभ्या होत्या आणि ज्या रस्त्यावर काहीच उरलं नव्हतं त्या रस्त्याकडे बघत होत्या. जमुनाबाईंनी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

"चला. गिरिजाआत्यांचं घर मागच्याच गल्लीत आहे. टेकाल जरा."

"तिथे कशाला?" पवनकुमार म्हणाला. "आत्याआजीला ऐकू येत नाही. मी मागे कडताचं विचारलं होतं, घसा फोडून. तर म्हणाली, केळी आतल्या खोलीत आहेत."

"माहिती नको, सावली हवीय," जमुनाबाई म्हणाल्या.

गिरिजाबाई म्हणजे वेंकोजीरावांची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडलेली, नातवाच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर बसून गल्लीवर नजर ठेवणारी. बहिरेपणाबद्दल घरात दोन मतं होती. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येई. शेजारच्या सुनेची भांडणं शब्दन् शब्द ऐकू येत. औषधाची हाक तेवढी ऐकू येत नसे.

"आत्या," जमुनाबाईंनी त्यांच्या पाया पडता पडता नेहमीच्या आवाजात म्हटलं, "या विशालाक्षीबाई. आपल्या माडीवरच्या दामोदररावांची मुलगी."

गिरिजाबाईंनी डोळे बारीक केले.

"पेपरमिंटवाले दामोदरराव?"

पवनकुमारने आईकडे पाहिलं. म्हातारीला पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं.

"तुम्ही बाबांना ओळखत होता?" विशालाक्षीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "मग तुम्हीच सांगा. सगळे म्हणाले ते खोटं बोलले. त्या कडतावर काही नव्हतंच."

"कोण म्हणालं?" गिरिजाबाईंचा आवाज एकदम चढला. "कुठल्या मेल्याने म्हटलं?"

"सगळ्यांनी. आयुष्यभर."

"आयुष्यभर?" म्हातारीने बोटांवर वर्षं मोजली. जबडा नुसताच हलत राहिला. मग जमुनाबाईंकडे वळली. "जमुना, अंबूवहिनी गेली ना गं?"

अंबुबाई म्हणजे वेंकोजीरावांची बायको, जमुनाबाईंची सासू.

"अय्यो, आत्या, कधीच गेल्या. तुम्ही तेराव्याला आला होता."

"मग आयितु. संपलं. तिच्या जिवाची शपथ होती, जीवच नाही तर शपथ कुणाची?" त्यांनी पदर सावरला. "आमच्या घरच्या मागच्या दाराशी एक दगड होता, बाई. रंगाऱ्याचा दगड. गिऱ्हाईक यायचं, कापड दगडावर ठेवायचं, जायचं. बोलणंचालणं नाही. कोपऱ्याला गाठ मारायची. एक गाठ तांबडा, दोन गाठी निळा. दगडावर आलेलं कापड घरातल्या बायकांनी उचलायचं, आधी भट्टीत घालून खळ काढायची, मग गाठ सांगेल तो रंग. कुणाचं, कशाला, विचारायचं नाही. विचारलं की आमची आई म्हणायची, रंगाऱ्याची सून आहेस का वकिलाची?"

जमुनाबाईंनी तो दगड पाहिला होता. लग्न होऊन आल्या तेव्हा धंदा आटत आला होता, दगडावर मांजर झोपायची. पण त्यांच्या हातातला पाण्याचा पेला मध्येच थांबला. पुढे काय येणार ते त्यांना कळलं होतं. पवनकुमारला अजून नव्हतं.

"तुझे वडील सकाळच्या बसने आले. बस ढकलून ढकलून गुडघ्यापर्यंत चिखल. गाठोडं ठेवलं दगडावर आणि पाय धुवायला विहिरीवर गेले. तेवढ्यात छापखान्याचा माणूस पुढच्या दाराने ओरडत आला, पंडितजी, कागद आला! हे तसेच ओल्या पायांनी धावले. गाठोडं दगडावरच."

"गाठोडं कशात होतं?" पवनकुमारने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"उपरण्यात. कोपऱ्याला मारलेली एक गाठ."

बाहेरून कुकरची शिट्टी झाली.

"अंबूवहिनीने सोडलं," गिरिजाबाई पुढे म्हणाल्या. "नवी सून, सोळाची असेल. आत एवढं जाड कापड, काळं कुळकुळीत, वर पांढरं पांढरं. वहिनीला अक्षर येत नव्हतं. तिला वाटलं शिंप्याच्या खडूच्या खुणा. एवढं मळकं कापड तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मला म्हणाली, सासूबाईंनी मुद्दाम ठेवलंय, माझी परीक्षा बघायला. आदल्या महिन्यात तिच्या हातून निळीचं एक पीप नासलं होतं. आईने सांगितलं होतं, आणखी एक चूक आणि माहेरची वाट धर, आणायला कुणी येणार नाही. मग काय, वहिनीने पदर खोचला. उकळलं, बडवलं, पुन्हा उकळलं. खळ किती निघावी! गटार काळं, रस्ता काळा. तांदळासारखं पांढरं काढलंन शेवटी. मग तांबड्यात घातलं."

"तांबड्यात," पवनकुमार पुटपुटला.

"दुपारी तुझे वडील मागच्या दाराने आले. मोठमोठ्याने काहीतरी म्हणत. वहिनी, माझं गाठोडं होतं इथे? वहिनीने दोरीकडे बोट दाखवलं. मोठ्या अभिमानाने. म्हणाली, झालंच की! वाळलं की देते."

जमुनाबाईंनी पेला खाली ठेवला.

"ते दोरीपाशी गेले. कापड हातात धरलं. हात लाल झाले. मग दगडावर बसले. वहिनी विचारते, रंग चुकला का? निळा हवा होता? मग ते बोलले काहीतरी हळू, आणि तिला कळलं. ती अशी थरथरायला लागली की मी तिला धरलं. आतून आईचा आवाज आला, काय गडबड आहे? तर तुझे वडील उठले. म्हणाले, कुणी पाहिलं? मी म्हटलं, मी. खिशातून पेपरमिंट काढून माझ्या हातावर ठेवली. तू काही पाहिलं नाहीस. वहिनीच्या जिवाची शपथ. ओलं कापड काखेत मारलं, वर ठेवून आले, आणि पुढच्या दाराने दादाला हाका मारत सुटले, वेंकोजीराव, अहो, माझं गाठोडं बसमध्ये राहिलं! दादा बिचारा भोळा. धावला त्यांच्याबरोबर स्टँडवर. ते पण धावले. लाल हातांनी."

"म्हणजे बसमध्ये..." पवनकुमार म्हणाला.

"कसली बस रे?"

"कंडक्टरचा पणतू... मी चामराजनगरला..."

"सुम्ने बस," गिरिजाबाईंनी त्याला गप्प केलं. त्या विशालाक्षीबाईंकडे बघत होत्या.

विशालाक्षीबाई ताठ बसल्या होत्या. "जाड कापड? घड्यांच्या रेघा पडलेलं? तांबडं?"

"तेच."

"ते त्यांच्या ट्रंकेत होतं. जन्मभर." बाईंचे ओठ हलायला लागले, आधी वाटलं रडतायत. "आई त्या कापडावरून त्यांच्याशी किती भांडली असेल! कुणाचं आहे, कोण होती ती, सांगा. ते म्हणायचे, रंग चांगला बसलाय, म्हणून ठेवलंय. एवढंच. आईला मरेपर्यंत वाटायचं, म्हैसूरला कुणीतरी होती."

"होतीच की," जमुनाबाई नकळत बोलून गेल्या. "माझी सासू."

आणि विशालाक्षीबाई हसल्या. मुख्याध्यापिकेला न शोभेलशा, खाट हलवत हसल्या, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत.

"कुठंय ते कापड?" पवनकुमार अर्धवट उठला. "तपासता येईल. आजकाल यंत्रं असतात, खालची अक्षरं..."

"बाबा गेल्यावर आईने भांडेवालीला देऊन टाकलं. एका पातेल्यावर. त्यात मी अजून दही लावते."

पवनकुमार परत बसला.

"आणि बघा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लोक म्हणत होते ते बरोबरच होतं. थापाडेच होते माझे बाबा. फक्त भलत्याच बाबतीत."

जेवणं झाली. म्हणजे जमुनाबाईंनी सगळ्यांना चित्रान्न वाढलं, आणि पहिल्यांदाच कुणी किती खाल्लं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना सासूबाई दिसत होत्या. कडक बाई. हसताना त्यांना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. कुणाचाही सदरा धुवायच्या आधी खिसे उलटे करायच्या, बसची तिकिटं, चिठ्ठ्या, चिटोरे खिडकीत मांडून ठेवायच्या आणि संध्याकाळी प्रत्येकाला विचारायच्या, हे कामाचं आहे का? आणि जमुनाबाई लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात, शिकलेली सून म्हणून, त्यांच्यापुढे पाटी घेऊन बसल्या होत्या. "मला अक्षरं शिकव. पोथ्या नको वाचायला. कापडावर काही लिहिलंय एवढं कळलं म्हणजे झालं." तेव्हा नव्या सुनेला वाटलं होतं, सासूची हौस. कापडावर कोण कशाला लिहील?

"शेवटचं प्रकरण आठवड्यात द्यायचंय," पवनकुमार हळूच म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळेना. "काय लिहू?"

विशालाक्षीबाईंनी हात आवरून घेतले. "मला कळलं. माझं भागलं. बाबांनी जे झाकलं ते मी उघडायला सांगणार नाही. तुमच्या घरची गोष्ट आहे. सगळा समाज वाचतो ते मासिक." आणि त्यांनी जमुनाबाईंकडे पाहिलं.

मग गिरिजाबाईंनीही पाहिलं, आणि पवनकुमारनेही.

जमुनाबाईंना समाजाचा हॉल दिसला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका. अगं, पदं उकळली म्हणे यांच्या सासूने! वर्षभर पुरेल असं हसू. मुलाला कारखान्यात विचारतील, काय रे, आणखी काय काय धुतलं तुझ्या आजीने? आणि दुसरीकडे एक पंगत दिसली, त्या दिवशी ऐकलेली, हसणारी. तिथे हा माणूस बसलाय, मुलीच्या लग्नात, आणि तोही हसतोय, कारण खरं सांगायचं तर एका सोळा वर्षांच्या मुलीचं नाव घ्यावं लागेल.

"लिही," त्या म्हणाल्या.

"अम्मा, नाव बदलून..."

"नाव बदलून कशाला? दामोदररावांचं नाव खरं आणि आपलंच तेवढं खोटं? अंबुबाई लिही. रंगारी वेंकोजीरावांची बायको. हसतील लोक. हसू देत, इतकी वर्षं यांच्या वडिलांना हसले, आता थोडं आपण घेऊ." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि हे बघ, तिला बिचारी वगैरे करू नकोस. रडत बसली असं काही लिहू नकोस. एवढं काळं कापड तांदळासारखं काढलंन हाताने, ते नीट लिही. तसं काम करणारी दुसरी नव्हती मोहल्ल्यात."

"हौदु," गिरिजाबाई म्हणाल्या. "खरंय."

"पण अम्मा," पवनकुमारच्या चेहऱ्यावर वेगळीच धास्ती उमटली, "हेरांचं काय करू? पाच प्रकरणं हेरांची आहेत. भुयार आहे. केळीवाला आहे."

"त्यांना जपानला परत पाठव. जाताना जेवण घालून."

विशालाक्षीबाईंचं इकडे लक्ष नव्हतं. त्या खाटेवर आणखी पुढे सरकल्या होत्या. त्यांनी गिरिजाबाईंचा सुरकुतलेला हात हातात घेतला होता.

"मघाशी तुम्ही म्हणालात, बाबा दुपारी आले तेव्हा काहीतरी म्हणत होते. काय म्हणत होते?"

गिरिजाबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही गं आठवत. त्या पदांतलंच असेल. अर्धं आपल्यातलं, अर्धं कन्नड. पण मोठ्याने. गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होतं."

"बाबा? गल्लीत?"

"हात उडवत. चिखलाच्या धोतराने. लोक बघत होते, त्यांना पत्ता नव्हता. कागद आला होता ना."

विशालाक्षीबाईंच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. वडिलांचा आवाज म्हणजे दुसऱ्या खोलीत पान उलटल्यासारखा. त्यांनी डोळे मिटले. नाहीतरी त्या डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "दोरीपाशी जाऊ नका. गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंतच सांगा."

गिरिजाबाईंनी पाय वर घेतले, पाठीशी उशी सारली, आणि पुन्हा सुरुवात केली.